रुळवणी

गाडी घरी आली त्या दिवशी ती इमारतीखालच्या जागेत लावायला बाबांना अर्धा तास लागला. जागा काही अरुंद नाही. शेजारच्यांची टेम्पोएवढी गाडी तिथे रोज एका दमात आत जाते. पण बाबा हातभर पुढे गेले की उतरायचे, चारी बाजूंनी फिरून बघायचे आणि परत आत बसायचे. आत्या वरच्या गॅलरीत कठड्याला टेकून सगळा सोहळा बघत होती.

"दादा, गाडी आहे ती. काच नव्हे."

"काच असती तर कशाला घाबरलो असतो," बाबा खालून म्हणाले.

हे मात्र खरं. बाबा चष्मेवाले आहेत. दिवसभर काचा घासतात, फ्रेममध्ये बसवतात, आणि आजवर त्यांच्या हातून एक काच फुटलेली कुणाला आठवत नाही. आत्या त्यांची धाकटी बहीण. ती आमच्याच वरच्या मजल्यावर राहते आणि दातांच्या दवाखान्यांसाठी कवळ्या बनवते. आई सार्वजनिक वाचनालयात कामाला आहे. म्हणजे आमच्या घरातून लोकांना डोळे मिळतात, दात मिळतात आणि वर वाचायला पुस्तकंही मिळतात. माझ्याकडून काय मिळतं असं विचारलं तर आत्या म्हणते, "कान किटतात." गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात तोंड उघडत नव्हते हे आता कुणाला सांगितलं तर हसतात. या वर्षी भूगोलाच्या तासाला मी चुकून एकदा हात वर केला, उत्तर बरोबर निघालं, आणि तेव्हापासून तो हात खालीच आलेला नाही, असं आमच्या बाई म्हणतात.

तर गाडी. पेन्सिलीच्या शिशाच्या रंगाची, चार दारांची, आत बसलं की नव्या चपलांच्या दुकानासारखा वास येणारी. आमच्या घरातली पहिली. शोरूममधल्या माणसाने किल्ली देताना सांगितलं होतं की पहिले हजार किलोमीटर जरा जपून, इंजिन नवं असतं, आतले भाग एकमेकांना सरावलेले नसतात. त्याला तो 'रनिंग-इन' म्हणाला. बाबांना तो शब्द काही पटला नाही.

"धावायचं तर नाहीच आहे, उलट सांभाळून जायचंय," ते म्हणाले. "गाडी रुळतेय. रुळवणी म्हणा."

झालं, आमच्या घरात रुळवणी सुरू झाली.

बाबांनी गाडीसोबत आलेली माहितीपुस्तिका डोळ्याला भिंग लावून दोन संध्याकाळी वाचून काढली. बारीक अक्षर वाचणं हा त्यांचा धंदाच. मग त्यातले नियम त्यांनी एका पांढऱ्या पुठ्ठ्यावर लिहिले आणि तो पुठ्ठा स्टीअरिंगच्या बाजूला चिकटवला. सवयीने तो अगदी दुकानातल्या डोळे तपासायच्या तक्त्यासारखा झाला. सगळ्यात वर बोटभर उंच अक्षरात 'सत्तरच्या वर नाही', त्याखाली जरा लहान 'एकाच वेगात फार वेळ नाही', मग आणखी लहान 'जोरात ब्रेक नाही', मग 'जास्त वजन नाही', आणि तळाला मुंगीएवढ्या अक्षरात 'चालक एकच असावा'.

गाडी आली त्याच आठवड्यात वाचनालयाच्या फिरत्या गाडीचे चालक निवृत्त झाले. फिरती गाडी म्हणजे एक जुनी पांढरी व्हॅन, आत दोन्ही बाजूंना पुस्तकांची कपाटं. शहराबाहेरच्या वस्त्या, गिरणीची क्वार्टर्स, वृद्धाश्रम, असं फिरून ती पुस्तकं देते आणि परत आणते. ग्रंथपाल सरांनी आईला बोलावून विचारलं, "तुमच्याकडे परवाना आहे ना?" आई हो म्हणाली. सर म्हणाले, "मग आजपासून सव्वीस दिवसांनी मी स्वतः शेजारी बसून बघतो. जमलं तर फेरी तुमची, कुठे कुठली पुस्तकं न्यायची तेही तुम्हीच ठरवा. नाही जमलं तर कंत्राटदार त्याचा माणूस देतोय."

आई अकरा वर्षं वाचनालयाच्या तळघरात बसते. फाटलेल्या पुस्तकांना पाठी लावते, कण्यांवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या डकवते. कुठलं पुस्तक कितव्या पानाशी मळलंय यावरून लोकांना काय आवडतं हे तिला बिनचूक कळतं. पण ती माणसं तिने कधी पाहिलेली नाहीत. तिला ती माणसं बघायची होती. त्या दिवशी ती फेरीचा नकाशा घेऊनच घरी आली, आणि भाजी चिरता चिरता म्हणत होती की गिरणीच्या क्वार्टर्सना रहस्यकथा जास्त न्यायला हव्यात, तिकडून येणाऱ्या रहस्यकथांची शेवटची पानंच तेवढी सैल झालेली असतात.

"मला सरावाला गाडी लागेल," जेवताना ती बाबांना म्हणाली.

बाबांनी ताटातून मान वर काढली नाही. "रुळवणी झाली की घे ना. हजार झाले की गाडी तुझीच समज."

"अहो, पण सव्वीसच दिवस आहेत."

"आता नियमच आहे तसा. चालक एकच असावा. हात बदलला की नवं इंजिन बिथरतं."

"बरं," आई म्हणाली.

माझ्या आईचं 'बरं' म्हणजे दाराची कडी असते. एकदा लागली की बाहेरून कितीही ठोका. तिने नकाशाची घडी घातली आणि तो फ्रिजवरच्या टोपलीत ठेवून दिला.

मी तडक वर आत्याकडे गेले. ती खिडकीपाशी बसून एका कवळीला बारीक कानस मारत होती.

"आईकडे परवाना आहे तर ती कधी गाडी का चालवत नाही?"

"नऊ वर्षं झाली त्याला," आत्या म्हणाली. "तू एवढीशी होतीस. दादा तेव्हा ज्यांच्याकडे कामाला होता त्या मालकांची गाडी त्याने मागून आणली होती, वहिनीचा हात बसावा म्हणून. मोठ्या चौकात ती बंद पडली. एकदा नाही, सात वेळा. मागे सगळे हॉर्न वाजवायला लागले आणि दादा शेजारी बसून ओरडला. असा ओरडला की हॉर्नवाले गप्प झाले."

"मग?"

"मग वहिनी उतरली, दार नीट लावलं आणि घरापर्यंत चालत आली. त्यावर दोघं आजवर एक अक्षर बोललेले नाहीत. हा दात बघ गं, जरा पिवळा वाटतोय का?"

दात मला ठीक वाटला. मी खाली येऊन गणित मांडलं. बाबांचं दुकान जाऊन-येऊन बारा किलोमीटर. सव्वीस दिवसांचे होतात तीनशे बारा. आणि आईला सरावाला निदान आठवडा तरी हवा. म्हणजे एकोणीस दिवसांत हजार, रोजचे जवळजवळ त्रेपन्न. बाबांना दुकानात सोडलं तर दुसरीकडे कुठेही जायला आवडत नाही. तेव्हा किलोमीटर वाढवायचे तर ते कुणीतरी वाढवायला हवे होते, आणि घरात रिकामी मीच होते.

पहिल्या दिवशी मी त्यांना सांगितलं की पुलावर काम चाललंय, वळशाने जा. ते काही अगदीच खोटं नव्हतं, पुलावर एक माणूस खांब रंगवत होता. मग शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एक बेकरी शोधून काढली आणि तिथल्या पावाची इतकी तारीफ केली की बाबा तीनदा तिथे गेले. पाव साधाच होता. बाबा खाताना म्हणायचे, "आहे खरा, काहीतरी वेगळा आहे." मग पोहण्याचा तलाव बदलला. मग मैत्रिणीकडे राहिलेली वही. आत्या दोन दिवस माझ्याकडे बारकाईने बघत होती, तिसऱ्या दिवशी तिने मला जिन्यात गाठलं.

"हजारच ना?"

"हजार."

"मग पावावर कशाला जातेस, दातांवर जा," ती म्हणाली. तेव्हापासून तिच्या कवळ्या कुरियरने जाईनाशा झाल्या. एका लांबच्या गावातल्या दंतवैद्यांनी दार उघडलं तर समोर चार माणसं आणि एक कवळी. त्यांना वाटलं काहीतरी तक्रार आहे.

बाबांना संशय आला नाही. खरं सांगायचं तर त्यांना गाडी चालवणं इतकं आवडायला लागलं होतं की कुठे जायचं हे मी पुरतं सांगायच्या आत ते चपला घालून उभे असायचे. आई मागच्या सीटवर बसायची, खिडकीबाहेर बघत. पण माझं लक्ष असायचं. बाबांनी गिअर बदलला की मागे आईचा डावा पाय हळूच खाली दाबला जायचा.

नवव्या दिवशी रविवार होता आणि काटा चारशेच्या आसपास होता. मोहीम जरा मागे पडली होती, म्हणून मी आणि आत्याने मोठा बेत काढला. साठ किलोमीटरवरच्या गावात दोन कवळ्या, हमरस्त्याने. हमरस्त्यावर अडचण एकच, तक्त्यावरची दुसरी ओळ. एकाच वेगात फार वेळ नाही. बाबांनी त्यावर तोडगा काढला होता. त्यांनी मला शेजारी बसवलं आणि हातात घड्याळ दिलं. दोन मिनिटं झाली की मी म्हणायचं "वर", की ते पासष्टला न्यायचे. आणखी दोन मिनिटांनी मी म्हणायचं "खाली", की ते पंचेचाळीसवर आणायचे.

"वर."

"दादा, मला मळमळतंय," आत्या मागून म्हणाली. "गाडी आहे की झोपाळा?"

"इंजिनाला बरं वाटतंय ना, तू थोडं सोस."

"खाली," मी म्हटलं.

आमच्या मागचा ट्रकवाला पहिल्यांदा चिडला, मग घाबरला, मग फारच मागे राहिला. आणि अशाच एका 'वर'ला रस्त्याच्या कडेच्या पोलीसबाईंनी हात दाखवला.

बाबांनी गाडी कडेला घेतली, जोरात ब्रेक न मारता, त्यामुळे आम्ही बाईंच्या बरेच पुढे जाऊन थांबलो. त्या चालत आल्या. उंच होत्या, आणि चालून आल्यामुळे खूश नव्हत्या.

"काय घेतलंय?"

"चहा," बाबा म्हणाले. "कमी साखरेचा."

"यात फुंका."

बाबांनी फुंकलं. यंत्रावर शून्य आलं. बाईंनी ते तळहातावर आपटून बघितलं, शून्यच राहिलं.

"लांबून बघतेय मी तुम्हाला. पळताय, मंदावताय, परत पळताय. शिकताय का?"

"छे, बावीस वर्षं चालवतोय. गाडी नवी आहे. रुळवणी चाललीय."

"काय चाललीय?"

मग मी खिडकीतून डोकं काढून सगळं समजावलं. इंजिन, हजार किलोमीटर, वर, खाली, घड्याळ. बाई वाकून तक्ता बघायला लागल्या. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, मग मान मागे नेली, आणखी मागे नेली.

"तुम्हाला चष्मा लागलाय," बाबा म्हणाले. "जवळचा. सव्वाचा असेल, दीडचा नसेल."

"गाडी कुणी कुणाची थांबवलीय?" बाई म्हणाल्या. "मुली, खालचं तू वाच."

मी वाचलं. जोरात ब्रेक नाही. जास्त वजन नाही. चालक एकच असावा.

"हे शेवटचं कुठून काढलंत? मी तर माझ्या नव्या गाडीवरच शिकले. माझ्या मागोमाग माझी बहीण शिकली त्याच गाडीवर. पुस्तकात आहे हे?"

"आहे की," मी म्हटलं आणि समोरचा खण उघडून पुस्तिका काढली.

"राहू दे गं," बाबा म्हणाले. "बाईंना उशीर होत असेल."

"मला नाही होत," बाई म्हणाल्या.

मी पान काढलं आणि वर्गात वाचते तशी खड्या आवाजात वाचायला लागले. सत्तरचं होतं. एकाच वेगाचं होतं. ब्रेकचं, वजनाचं होतं. आणि मग मी, काय वाचतेय हे डोक्यात शिरायच्या आत, पुढचंही वाचून टाकलं. या काळात गिअर वरचेवर बदलावेत. हमरस्त्यावरचे लांबचे प्रवास शक्यतो टाळावेत. वस्तीतल्या रस्त्यांवर, कमी वेगात, थांबत-थांबत चालवल्याने इंजिन अधिक चांगले तयार होते.

पान संपलं. मी उलटून बघितलं. पलीकडे टायरमधल्या हवेबद्दल होतं.

"म्हणजे," आत्या सावकाश म्हणाली, "चारशे किलोमीटर आपण नको तेच करत होतो."

माझे कान तापले, कारण लांबचे प्रवास कुणाच्या डोक्यातून निघाले होते ते मला आणि आत्याला माहीत होतं. पण माझ्याकडे कुणी बघतच नव्हतं.

"शिकणारा माणूस चालवतो ना, अगदी तसं लिहिलंय हे," पोलीसबाई म्हणाल्या. "हळू, थांबत, सारखे गिअर."

"अहो," मागून आई म्हणाली. कडी निघाल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला. "तळाची ओळ कुणाची?"

बाबांनी चष्मा काढून पुसला. बाबांचा चष्मा कधीच मळलेला नसतो.

"माझी."

"इंजिनासाठी?"

"इंजिनाला काय होतंय." ते स्टीअरिंगकडे बघून बोलत होते. "तू चालवणार म्हणजे मी शेजारी बसणार. आणि शेजारी बसलो की मी परत ओरडेन. तेव्हाचं ते ओरडणं मला अजून ऐकू येतं. म्हटलं, हजार किलोमीटर तरी निघतील."

"आणि हजार झाल्यावर काय करणार होतात?"

"काहीतरी सुचलं असतं."

एक टँकर गेला आणि आमची गाडी हलली. पोलीसबाईंनी यंत्र खिशात ठेवलं आणि त्या एकदम रस्त्याकडे फार लक्ष देऊन बघायला लागल्या, तिथे तेव्हा एकही वाहन नव्हतं.

"गाडीला रुळायला हजार किलोमीटर दिलेत," आई म्हणाली. "मला एक चौक दिला होतात."

ती रागावून म्हणाली नाही. एखादं पान सैल आहे हे सांगावं तशी म्हणाली. बाबांनी पट्टा काढला, उतरले, मागचं दार उघडलं आणि ते धरून उभे राहिले.

"तू पुढे ये. मी मागे बसतो."

"मागून ओरडता येत नाही की काय?" आत्या म्हणाली आणि पर्समध्ये हात घालून काहीतरी शोधायला लागली. एक सीलबंद पाकीट निघालं. कवळीचं माप घेताना दातांचे डॉक्टर तोंडात बसवतात तो साचा, घोड्याच्या नालेसारखा. "हा चावून धर. नवा आहे. हा तोंडात असताना आजवर कुणी एक शब्द बोललेलं नाही."

आम्ही सगळ्या हसलो, पोलीसबाईसुद्धा. बाबा हसले नाहीत. त्यांनी पाकीट फाडलं, साचा उलटसुलट करून बघितला, आणि खरंच तोंडात घातला.

"हे कुठल्या नियमात बसतं मला ठाऊक नाही," बाई म्हणाल्या. "परवाना दाखवा ताई." आईचा परवाना त्यांनी हात लांब करून वाचला. "ठीक आहे. तो समोर फाटा दिसतोय तिथून आत वळा. कारखान्यांची वसाहत आहे, आज सुटी. रस्ते एवढे मोठे आणि कुत्रंही नाही. तुम्ही निघेपर्यंत मी मागचं थांबवते."

आईने सीट पुढे ओढली. आरसे फिरवले. साडीचा पदर खोचला, दोन्ही तळहात पुसले. किल्ली फिरवली, गाडीने पुढे हिसका दिला आणि ती बंद पडली. आरशात मला बाबा दिसत होते, तोंड साच्याने ताणलेलं, डोळे मोठे. दुसऱ्यांदा बंद पडली. मागून "ऊं" असा एक आवाज आला.

"काही म्हणालात?" आईने विचारलं.

बाबांनी जोरजोरात मान हलवली, नाही. त्यांच्या हनुवटीवरून लाळेचा एक थेंब ओघळत होता आणि तो पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. आईने आरशात ते बघितलं आणि ती हसायला लागली. हसता हसताच गाडी सुटली. फाट्यापर्यंत ती हसतच गेली, दुसरा गिअरही तिने हसतच टाकला.

त्या दिवशी वसाहतीत गाडी किती वेळा बंद पडली ते मी अकरापर्यंत मोजलं आणि मग सोडून दिलं. कवळ्या सोमवारी कुरियरने गेल्या. बाबांचा जबडा दोन दिवस दुखत होता. घरी आल्यावर त्यांनी कात्री आणली आणि तक्त्याची तळाची ओळ कापून टाकली. अक्षर लहान होतं, त्यामुळे फार काही कापावं लागलं नाही.

पुढचे सतरा दिवस रुळवणी खरीखुरी झाली. आई रोज सकाळी वाचनालयात जाण्याआधी एक तास आणि आल्यावर एक तास चालवायची. चौथ्या दिवशी बाबा पुढे तिच्या शेजारी बसले, साच्याशिवाय. पहिल्यांदा काय बोलावं ते त्यांना कळेना. मग त्यांनी दुकानातली भाषा काढली. डोळे तपासताना ते एकेक काच बदलत गिऱ्हाइकाला विचारतात ना, तसंच. क्लच जरा लवकर सुटला की म्हणायचे, "आधी बरं होतं, की आता बरं?"

"आधी," आई म्हणायची.

"मग परत आधीचं लावू."

असं करत करत ती चढावर गाडी थोपवायला शिकली, मागे घ्यायला शिकली, आणि एकदा माझ्या शाळेच्या गल्लीत कचऱ्याच्या गाडीशी समोरासमोर आल्यावर ती मागे सरली नाही, कचऱ्याच्या गाडीला सरायला लावलं. मी मागे बसून मनात टाळ्या वाजवल्या.

चाचणीच्या तीन दिवस आधी ती म्हणाली, "आज मोठा चौक."

बाबा म्हणाले, "आजच?"

"आजच."

चौकात सिग्नल हिरवा झाला आणि गाडी बंद पडली. मला वाटलं माझंच हृदय बंद पडलं. आईने किल्ली फिरवली, परत बंद. मागे हॉर्न सुरू झाले, एक, मग तीन, मग सगळेच. मी बाबांच्या मानेकडे बघत होते. मानेवरची लाली चढत चढत टोपीपर्यंत गेली. त्यांनी खिडकीची काच खाली केली, अर्धे बाहेर निघाले आणि मागच्या सगळ्यांना मोठ्याने म्हणाले, "थांबा जरा. नवीन आहे."

"गाडी की बाई?" मागचा स्कूटरवाला ओरडला.

"दोन्ही," बाबा म्हणाले. "आणि दोन्ही माझ्या नाहीत, मी फक्त शेजारी बसलोय."

हॉर्न थांबले नाहीत, पण आईने ते ऐकलंच नाही, कारण ती परत हसत होती. हिरवा लाल झाला, लाल परत हिरवा झाला, आणि आम्ही चौकातून असे गेलो जसे काही रोज जातो.

चाचणीच्या दिवशी मला शाळा होती, म्हणून तिथलं सगळं मला आईने सांगितलं, तेही चपला न काढता, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून. व्हॅनचा क्लच आमच्या गाडीच्या तिप्पट जड. ग्रंथपाल सर शेजारी बसले ते बॅग मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी धरून. आणि वाचनालयाच्या फाटकातच व्हॅन बंद पडली.

"मग?" मी आणि बाबा एकदम म्हणालो.

"मी म्हटलं, बंद पडली सर, परत चालू करते. आणि केली."

"सर काय म्हणाले?"

"काही नाही. बॅग घट्ट धरली."

मग ते वृद्धाश्रमापर्यंत गेले. तिथल्या अरुंद गल्लीत व्हॅन मागे घ्यायला तिला चार खेपा लागल्या. ओसरीवर सात-आठ आजी-आजोबा हे बघत उभे होते, जणू चाचणी तेच घेतायत. ती उतरली तेव्हा एक आजोबा पुढे आले आणि म्हणाले, "दुसरा भाग आणलात का?" कशाचा दुसरा भाग ते त्यांना आठवेना. लेखक आठवेना, नाव आठवेना. निळं पुस्तक होतं एवढंच.

"मी विचारलं, मधल्या एका पानावर चहा सांडलाय, तेच ना? आजोबा लाजले गं. म्हणाले, माझ्याच हातून सांडला, कुणाला सांगू नका." आईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "ते पान मी दोनदा चिकटवलंय. मला वाटायचं कोण असेल हा धांदरट माणूस."

"आणि सर?" बाबांनी विचारलं.

"सरांनी तिथेच बॅग खाली ठेवली. म्हणाले, बुधवारपासून सुरू करा."

बाबांनी आईच्या हातातली पिशवी घेतली, मग काय करायचं ते न कळून ती परत तिच्या हातात दिली. आत्याला मी जिन्यातूनच ओरडून सांगितलं, आणि ती हातात एक अर्धी कवळी घेऊन तशीच खाली आली.

बुधवारी शेवटच्या तासाला आमचा वर्ग मैदानावर होता. गिरणीकडे जाणारा रस्ता आमच्या मैदानाच्या कुंपणाला लागूनच जातो, हे मला नकाशावरून माहीत होतं. वेळही माहीत होती. मी कुंपणाशी जाऊन उभी राहिले. माझी मैत्रीण पण आली, बघायला काय आहे म्हणून.

पांढरी व्हॅन वळणावरून आली. फार जोरात नाही, फार हळूही नाही. आई ताठ बसली होती, सीट अगदी पुढे ओढून, नजर समोर. मी दोन्ही हात हलवले. ती बघते की नाही ते कळलं नाही, पण तिच्या गालावर ती हसू दाबते तेव्हा पडते ती खळी पडली होती.

"तुझी आई ना गं ती?" मैत्रीण म्हणाली. "हातसुद्धा केला नाही तिने."

"कसा करेल? दोन्ही हात कामात आहेत तिचे."

गतिरोधकाशी व्हॅन मंदावली, गिअर खाली आला, आतल्या कपाटांमधली पुस्तकं एकदम खडखडली, मग गिअर वर गेला आणि ती गिरणीच्या रस्त्याला लागली. मी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. मागे खेळाच्या सरांची शिट्टी वाजली तेव्हा कळलं की अख्खा वर्ग मैदानाला अर्धी फेरी मारून आलाय आणि मी अजून कुंपणाशीच उभी आहे.